गोल एक, आकडे दोन

संगणकावर गोलाभोवतीचा हवेचा प्रवाह सोडवला आणि माझा ड्रॅग गुणांक पुस्तकातल्या आकड्याच्या दुप्पट आला. सूत्र तपासलं, क्षेत्रफळ तपासलं, चूक सापडेना. तेव्हा १९१२ सालचा वाद आठवला.

जर्मनीत गॉटिंगेनला, प्रांटल यांच्या प्रयोगशाळेत, गोलाचा गुणांक ०.४४च्या आसपास आला होता. पॅरिसमध्ये टॉवरवाल्या आयफेल यांना त्याच्या निम्म्याहून कमी मिळाला. आयफेल सूत्रातला दोन विसरले, असं गॉटिंगेनमध्ये वाटलं. आयफेल यांनी वेग बदलत पुन्हा मोजलं. ठराविक वेगापुढे गुणांक एकदम घसरत होता! दोघंही बरोबर होते.

१९१४ मध्ये प्रांटल यांनी गोलावर बारीक तारेचं कडं बसवलं. पृष्ठभागालगतचा हवेचा थर खवळला, गोलाला आणखी मागपर्यंत चिकटून राहिला, मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद झाला आणि कमी वेगातही गुणांक उतरला.

माझीही गोम तिथेच होती. वेग त्या उंबरठ्यापलीकडचा, पण गणितात तो थर मी शांतच धरला होता. म्हणून सांगतो, आकडा जुळला नाही तर समोरच्याला चूक ठरवण्याआधी वेग, आकार आणि हवेची चिकटाई एकत्र तोलणारा रेनॉल्ड्स अंक पाहा.