ओतमाती : तिचें प्रमाण, टिपणवह्यांतील आंकडे व तिच्या उगमाची हकीकत

जुन्या मृत्पात्रांच्या याद्या चाळीत असतां ‘ओतीव’ हा शब्द फार सैलपणें योजलेला आढळतो. वस्तु आंतून पोकळ असली आणि तिच्या अंगावर दोन अर्धांच्या सांध्याची रेषा दिसली कीं यादी करणारा तिला ओतीव ठरवून मोकळा होतो. वस्तुतः त्या रेषेवरून साच्याचा उपयोग झाला एवढेंच सिद्ध होतें. साच्यांत माती दाबून बसविली कीं पातळ करून ओतली, हें तिच्यावरून मुळींच कळत नाहीं. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. साच्यांत माती दाबण्याची कृति हजारों वर्षांची आहे. ओतण्याची कृति एक नियमित धंदा म्हणून युरोपांत रूढ झाली ती अठराव्या शतकांत. सबब ज्या यादींत हे दोन शब्द एकमेकांच्या जागीं पडतात, त्या यादीवरून काढलेल्या कालनिर्णयावर विसंबतां येत नाहीं.

या लेखांत ओतावयाच्या मातीची कृति, तिचें प्रमाण लिहून ठेवण्याची जुनी रीत व तिच्या उगमाविषयीं चालत आलेली हकीकत यांचा विचार केला आहे. इंग्रज कारागीर ज्या द्रवास ‘स्लिप’ म्हणतात त्यास आम्ही येथें ‘ओतमाती’ म्हटलें आहे. याहून सरस शब्द कोणी सुचविल्यास तो अवश्य स्वीकारावा.

कृति दिसण्यांत सोपी आहे. जिप्सम भाजून केलेल्या पॅरिस प्लास्टरचा साचा कोरडा असतां सच्छिद्र असतो. त्यांत ओतमाती काठोकाठ भरली म्हणजे साचा तिच्यांतील पाणी शोषूं लागतो व त्याच्या आंतल्या अंगास मातीचा थर धरतो. थर हवा तितका जाड झाला कीं उरलेली ओतमाती साचा उपडा करून काढून घेतात. थर सुकतांना आकसतो आणि साच्यापासून सुटतो. परंतु या सोप्या कृतींत एक विरोध दडलेला आहे. साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरावयाची तर माती पातळ हवी. आणि पातळ करण्यासाठीं पाणी वाढवावें तर साचा लवकर भिजून निकामी होतो, थर धरण्यास वेळ लागतो, जड कण तळाशीं बसतात आणि वस्तु सुकतांना इतकी आकसते कीं कान व तोटी यांच्या मुळाशीं ती तडकते. थोड्या पाण्यांत माती वाहती कशी ठेवावी, हा या धंद्यांतील मूळ प्रश्न होय. आणि त्याचें समाधानकारक उत्तर सांपडण्यास सुमारें दीडशें वर्षें लागलीं.

इंग्लंडांतील स्टॅफर्डशर परगण्यांत १७२० नंतर मिठाच्या झिलईचीं पांढरीं दगडी भांडीं होऊं लागलीं. पांढरेपणासाठीं व भट्टींत आकार टिकावा म्हणून त्यांच्या मातींत चकमकीचा दगड भाजून, दळून मिसळीत. एका घोड्याच्या डोळ्यांवर उपचार करण्यासाठीं भाजलेल्या या दगडाची पांढरी शुभ्र पूड पाहून ऍस्टबरी नामक कुंभारास ही युक्ति सुचली, अशी गोष्ट तिकडे सांगतात. ती मनोरंजक आहे. याहून अधिक तिच्याविषयीं म्हणवत नाहीं. पण तिच्या मागची एक गोष्ट मात्र कागदोपत्रीं आहे. हा दगड कोरडा कुटतांना उडणारी धूळ कामकऱ्यांच्या छातींत जाऊन त्यांचे प्राण घेत असे. थॉमस बेन्सन यानें १७२६ सालीं पाण्यांत राहून दळण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें, तें या धुळीपासून माणसें वांचावींत म्हणून. त्याचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला कीं गार कुंभाराच्या हातीं पुडीच्या रूपानें न येतां पाण्यांत कालवलेल्या द्रवाच्या रूपानें येऊं लागली, आणि पुढें दिलेली मापनाची सगळी रीत या द्रवाभोंवतीं उभी राहिली.

ओतण्याच्या कृतीस प्लास्टरचे साचे कोणी दिले? कॉब्रिज गांवच्या राल्फ डॅनियल यानें १७४५ च्या सुमारास फ्रान्सांतील एक कारखाना पाहिला व तेथून असा साचा आणून आपल्या शेजाऱ्यांस दाखविला, ही हकीकत सर्वत्र उद्धृत केली जाते. तिचा मुख्य आधार सायमियन शॉ याचा स्टॅफर्डशरच्या मृत्कलेचा इतिहास. तो छापला गेला १८२९ सालीं. म्हणजे घटना आणि लेख यांत चौऱ्यायशीं वर्षांचें अंतर आहे, आणि शॉची माहिती पुष्कळशी वृद्ध कारागिरांच्या तोंडची. आपल्याकडील बखरींस जो नियम आपण लावितों तोच येथें लावला पाहिजे : नांवें आणि एकंदर क्रम बहुधा खरा, साल व प्रसंग यांस दुसरा पुरावा मिळेपर्यंत अंदाजाचें स्थान. सुदैवानें वस्तूंचा पुरावा पुष्कळ आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास ओतलेल्या, उंटाच्या व घराच्या आकाराच्या चहादाण्या लंडनच्या संग्रहालयांत आहेत. प्लास्टर येण्यापूर्वीं तिकडे भाजलेल्या सच्छिद्र मातीचे साचे वापरीत, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. म्हणजे डॅनियलनें आणली असेल ती वस्तु साच्याचें द्रव्य होय, ओतण्याची कल्पना नव्हे.

या मतास दुसऱ्या बाजूनें पुष्टि मिळते. सेव्र येथील सरकारी कारखान्याचा १८०० पासून १८४७ पर्यंत अधिकारी असलेला अलेक्सांद्र ब्रोन्यार आपल्या १८४४ च्या मृत्कलाविषयक ग्रंथांत पोर्सेलीन ओतण्याचा आरंभ तूर्ने गांवीं १७८४ च्या सुमारास झाल्याचें नमूद करतो. तूर्ने आज बेल्जममध्यें आहे. ज्या फ्रेंचांकडून इंग्रजांनीं साचा घेतला असें शॉ सांगतो, त्यांचाच सर्वांत जाणता लेखक ओतण्याच्या कृतीस इतका उशिराचा काळ देतो. दोन्ही लेख एकत्र वाचले असतां साचा फ्रान्सचा व ओतणें स्टॅफर्डशरचें, हाच निष्कर्ष आम्हांस सयुक्तिक वाटतो.

जुन्या ओतमातींत माती, गार व पाणी यांवांचून कांहीं नसे. म्हणून ती एकदम दाट ओततां येत नसे. प्रथम अगदीं पातळ ओतमाती भरून लगेच काढीत, म्हणजे साच्यावरील बारीक नक्षी तीमध्यें उमटे. मग त्याहून दाट, आणि शेवटीं सायीसारखी दाट ओतमाती भरून हवी ती जाडी आणीत. या खटाटोपामुळें पुढें मलईरंगी भांड्यांच्या काळांत पुष्कळ कारखाने पुन्हा माती दाबण्याकडे वळले.

आतां टिपणवह्यांकडे वळूं. हस्तलिखितांच्या संग्राहकांस या विषयाचा खरा उपयोग येथेंच आहे. कुंभार आपलीं प्रमाणें गुप्त राखीत. जोसाया वेजवुड यानें १७५९ पासून ठेवलेल्या प्रयोगवहींत द्रव्यांच्या नांवांऐवजीं सांकेतिक आंकडे आहेत. थॉमस लेकिन याचीं प्रमाणें तर त्याच्या मृत्यूनंतर, १८२४ सालीं, लीड्स येथें छापून बाहेर पडलीं. अशा वह्यांत प्रमाण पुष्कळदां वजनानें न देतां ‘इंचांनीं’ दिलेलें असतें. मिश्रणाच्या हौदांत काठी उभी धरून प्रत्येक द्रवाची उंची किती इंच वाढवावी, एवढेंच त्याचा लेखक सांगतो. कारण प्रत्येक द्रवाचा दाटपणा धंद्यांत ठरलेला असे : डेव्हन व डॉर्सेटकडील चिकण बॉल माती एका पिंटास २४ औंस, कॉर्नवॉलची चिनी माती २६ औंस, गार ३२ औंस. जें सर्वांस ठाऊक तें वहींत लिहीत नसत. आणि म्हणूनच तें आज वाचकास ठाऊक नसतें.

हे आंकडे उलगडण्याची किल्ली ब्रोन्यारच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या सूत्रांत आहे. एक इम्पीरियल पिंट पाण्याचें वजन २० औंस. पिंटभर द्रवाच्या वजनांतून हे २० वजा करावे, बाकीस मातीच्या विशिष्ट गुरुत्वानें गुणावें व त्याच गुरुत्वांतून एक वजा करून येणाऱ्या संख्येनें भागावें. म्हणजे पिंटांतील कोरड्या मातीचें वजन निघतें. गुरुत्व २.६ धरल्यास बाकीस १.६२५ नें गुणलें कीं झालें. यावरून २४ औंसांच्या पिंटांत कोरडी माती ६.५ औंस, २६ च्या पिंटांत ९.७५ औंस व ३२ च्या पिंटांत १९.५ औंस येते. म्हणजे गारेचा एक इंच हा बॉल मातीच्या तीन इंचांबरोबर आहे! समजा, वहींत ‘बॉल माती १२ इंच, गार ४ इंच’ असें लिहिलें आहे. वरवर वाचणारा माती गारेच्या तिप्पट होती असें लिहील. वास्तविक दोन्ही समसमान होतीं. मण व शेर गांवोगांव बदलतात हें विसरून जुन्या जमाखर्चावरून भाव काढणाऱ्याची जी फसगत होते, तीच ही. शिवाय २० औंसांचा इम्पीरियल पिंट १८२४ च्या कायद्यानें ठरला आहे. त्यापूर्वींच्या वहींतील पिंट तोच असेल असें गृहीत धरून गणित करूं नये.

याच सूत्रानें जुन्या व नव्या ओतमातींतील अंतरहि मोजतां येतें. २६ औंसांच्या पिंटांत माती ९.७५ व पाणी १६.२५ औंस, म्हणजे शेंकडा ६२.५ पाणी. आजची भांड्यांची ओतमाती पिंटास ३६ औंसांच्या आसपास असते. तींत माती २६ औंस आणि पाणी अवघें १० औंस, म्हणजे शेंकडा २८ हून किंचित् कमी. इतक्या पाण्यांत कालविलेली माती एरवीं कणकेसारखी घट्ट राहावयाची. पण ही मात्र दुधाच्या सायीसारखी ओघळते. हा फरक एका चिमुटभर खारानें होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांतील कारखान्यांत धुण्याचा सोडा घालण्याची रीत निघाली व विसाव्या शतकाच्या आरंभीं ती इतरत्र पसरली. सोबत सोडियम सिलिकेटहि घालतात. कोरड्या मातीच्या शंभर भागांस दोन्ही मिळून पाव भागाच्या आसपास पुरतें. हे खार आधीं पाण्यांत विरघळवून मग माती थोडथोडी टाकतात, पुष्कळ घुसळतात, चाळणींतून गाळतात व हवेचे बुडबुडे निघून जावेत म्हणून रात्रभर ठेवितात.

असें कां होतें, त्याचें कारण मातीच्या कणांत आहे. ते चपटे असून त्यांवर ऋण विद्युत् असते. पाण्यांतील चुन्याचे अंश त्यांस एकमेकांजवळ आणून त्यांचे झुबके बांधतात व त्या झुबक्यांत पाणी अडकून पडतें. सोडा त्या चुन्याची जागा घेतो, सिलिकेट त्यास अविद्राव्य करून बाजूस सारतें. झुबके फुटतात आणि अडकलेलें पाणी मोकळें होऊन तेंच मातीस वाहतें करतें. मात्र खार प्रमाणाबाहेर गेला कीं माती पुन्हा दाटते, आणि अननुभवी मनुष्य ती पातळ करण्यासाठीं आणखी खार घालतो! सोडा प्लास्टरवरहि हळूहळू परिणाम करतो. साच्यावर पांढरा क्षार फुलतो व नक्षी बोथट होते. नक्षी बोथट दिसली म्हणजे साचा पुष्कळ वापरलेला, एवढेंच म्हणावें. तेवढ्यावरून वस्तु मागाहूनची नक्कल ठरवूं नये.

याच सुमारास कार्बोरंडमचा शोधक एडवर्ड ऍचिसन या अमेरिकन गृहस्थानें एक चमत्कारिक मार्ग धरला. बायबलाच्या निर्गम नामक ग्रंथांत मिसर देशच्या राजानें इस्राएल लोकांस विटांसाठीं पेंढा देण्याचें बंद केल्याची कथा आहे. पेंढ्यांत मातीस उपकारक असें कांहींतरी असावें, या तर्कानें त्यानें पेंढ्याचा काढा व नंतर टॅनिन, म्हणजे आपल्या हिरड्यांतील तुरट द्रव्य, मातींत मिसळून पाहिलें. माती अधिक चिवट झाली, आणि पातळ कालविलेली माती तळाशीं न बसतां तरंगत राहिली. १९०४ च्या सुमारास त्यानें तीस ‘मिसरी माती’ असें नांव दिलें. त्याचें रसायन खरें ठरलें; पण त्यावरून मिसरी वीटकऱ्यांस हें रहस्य ठाऊक होतें असें म्हणणें म्हणजे इतिहास उलटा वाचणें होय. पेंढा विटेस तडकूं देत नाहीं, एवढें कारण त्यांस पुरेसें होतें. या तत्त्वाचा जुना दाखला आमच्या वाचकांच्या दप्तरांतच आहे. काजळाची शाई डिंकांत दीर्घ काळ खलतात ती कशासाठीं? डिंक काजळाच्या कणांवर बसून त्यांचे झुबके होऊं देत नाहीं, म्हणून ती बोरूंतून सारखी उतरते. खार आणि डिंक यांची क्रिया निराळी, पण कार्य एकच.

प्राचीन कुंभारांस हें कार्य अनुभवानें अवगत होतें, याचें उत्तम प्रमाण ग्रीक आहे. अथेन्सच्या भांड्यांवरील काळी चकाकी ही झिलई नसून अतिशय बारीक मातीचा, कण सुटे केलेला लेप आहे, असें थिओडोर शुमान यानें १९४२ सालीं प्रयोगानें दाखविलें. इटलींतील अरेत्सो येथील तांबडीं भांडीं याच वर्गांतलीं. त्यांचे तुकडे १९४५ च्या उत्खननांत पांडिचेरीजवळ अरिकमेडू येथें निघाले आहेत. तथापि लेप देणें वेगळें व संपूर्ण वस्तु ओतणें वेगळें. अरेत्सोचीं नक्षीदार भांडीं साच्यांतलीं असलीं तरी तीं चाकावर फिरणाऱ्या साच्यांत माती दाबून केलेलीं आहेत.

हाच विचार तेर, पैठण व नेवासें येथें मिळणाऱ्या सातवाहनकालीन पांढऱ्या मातीच्या मूर्तींस लागू आहे. केओलिन मातीच्या या पोकळ मूर्ति दोन अर्धांच्या साच्यांत दाबून मग जोडलेल्या आहेत. त्यांस ओतीव म्हणणें चूक. परीक्षा करावयाची तर फुटक्या तुकड्यावर करावी. ओतलेल्या वस्तूची जाडी सर्वत्र जवळजवळ सारखी असते व बाहेर जेथें उठाव तेथें आंत खळगा पडतो, कारण थर साच्याच्या अंगाबरोबर धरलेला असतो. दाबलेल्या वस्तूची जाडी कमीजास्त असते, आंत बोटांचे ठसे किंवा चिंधीनें पुसल्याच्या रेघा राहतात, आणि सांध्यावर आंतून मातीची वळी लिंपलेली सांपडते. दोन्ही अंगांनीं साचा असून मधल्या फटींत माती ओतलेल्या जाड वस्तूंस मात्र ही परीक्षा लागू पडत नाहीं. त्यांत ओतण्याच्या भोंकाची खूण शोधावी.