मोहिनीचं काम करणारी तेरा वर्षांची पोर

मागच्या आठवड्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या पोरीनं गॅदरिंगमधल्या नाचाचा व्हिडिओ टाकला होता. नाच झकास होता. पण खाली कमेंट वाचल्या आणि डोकंच फिरलं. "घरचे काही म्हणत नाहीत का?" "बापाचं नाव काढलं." लिहिणाऱ्यांत दोन-तीन चेहरे ओळखीचे, स्टेजवर महिला सन्मानाची भाषणं ठोकणारे. दोन दिवसांत व्हिडिओ गायब झाला. पोरीचं नाव, गाव सांगत नाही, तिला आणखी ताप नको.

तेव्हापासून एक बाई डोक्यात आहे, कमलाबाई गोखले. अभिनेते विक्रम गोखले यांची आजी, चंद्रकांत गोखले यांची आई. एवढीच ओळख बहुतेकांना असते. (बाईची ओळख मुला-नातवांवरून सांगायची आपली सवय. बघा, मीही तेच केलं!)

गोष्ट सुरू होते तिच्या आईपासून. दुर्गाबाई कामत. नवरा आनंद नानोसकर, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक. संसार टिकला नाही, दुर्गाबाई लहानग्या कमलेला घेऊन वेगळ्या झाल्या. विसाव्या शतकाची नुकती सुरुवात, ब्राह्मण घरातली बाई, नवऱ्यापासून वेगळी, पदरात पोर. अशा बाईपुढं वाटा किती? लोकांच्या घरची भांडी-धुणी, नाहीतर त्याहून वाईट काही. दुर्गाबाईंनी तिसरीच वाट धरली, फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. समाजानं त्यांना वाळीत टाकलं. कमला शाळेत बसलीच नाही, कंपनीच्या बिऱ्हाडात वाढली आणि चार-पाच वर्षांची असतानाच रंगमंचावर उभी राहिली.

आता तो काळ लक्षात घ्या. मराठी संगीत नाटकाचा तो सुवर्णकाळ, आणि नाटकातल्या बाया म्हणजे सगळे पुरुष! बालगंधर्वांचा शालू बघून घरंदाज बायका तसा शालू आणायला सांगत. म्हणजे बाईसारखं नटणाऱ्या पुरुषाला डोक्यावर घ्यायचं आणि खरी बाई स्टेजवर आली की तिची पंगत वेगळी मांडायची. अजब न्याय होता.

सिनेमा आला तोही हीच रीत घेऊन. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती हवी होती. त्यांनी खूप शोध घेतला, अगदी वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं, तिथूनही नकार आला. शेवटी एका हॉटेलातला साळुंके नावाचा पोरगा नाजूक हातांमुळे त्यांच्या नजरेत भरला आणि तोच तारामती झाला. ३ मे १९१३ ला तो सिनेमा मुंबईत लागला. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही कामं केली. एकाच तिकिटात दोघं!

मग फाळके नाशिकला गेले आणि दुसरा सिनेमा काढला, 'मोहिनी भस्मासुर'. या वेळी त्यांना खऱ्या बाया मिळाल्या. दुर्गाबाई झाल्या पार्वती आणि कमला झाली मोहिनी. वय जेमतेम तेरा. भस्मासुराची कथा आपल्याकडं कीर्तनात सगळ्यांनी ऐकलेली आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म, असा वर मिळालेला राक्षस. मोहिनी त्याला आपल्यासोबत नाचवते आणि नाचता नाचता त्याचाच हात त्याच्या डोक्यावर जातो. म्हणजे अख्खा सिनेमा या पोरीच्या नाचावर उभा. भारतीय सिनेमाच्या पडद्यावर दिसलेल्या पहिल्या दोन स्त्रिया म्हणजे ही आई आणि ही लेक. मराठी मायलेकी.

पण कमलाबाईंचं खरं घर रंगभूमीच राहिलं. चित्ताकर्षक नाटक मंडळीत त्या नायिका झाल्या आणि रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. रघुनाथराव आधी किर्लोस्कर कंपनीत स्त्री-भूमिका करायचे. म्हणजे नाटकात बाई होणारा नवरा आणि सिनेमात पहिल्यांदा बाई म्हणून उभी राहिलेली बायको, असा हा जोडा. पुढं नियतीनं आणखी एक पलटी मारली, ती सांगतोच.

वय पंचविशीचं. दोन मुलं, तिसरं पोटात, आणि रघुनाथराव गेले.

इथं क्षणभर थांबा. १९२५ च्या आसपासची तरुण विधवा. आपल्या आज्या-पणज्यांना विचारा (असतील तर), त्या काळी अशा बाईच्या वाट्याला काय यायचं. आलवण, अंधारी खोली, दिराच्या संसारात राबणं. कमलाबाईंनी तोंडाला पुन्हा रंग लावला. फक्त बायांच्या असलेल्या नाटक मंडळीत गेल्या आणि तिथं पुरुषांची कामं केली! बाईचं सोंग घेणाऱ्या नवऱ्याच्या पाठीमागं बायको पुरुषवेष करून तीन लेकरं वाढवत होती. लोक काय म्हणतात याचा हिशोब ठेवत बसली असती तर लेकरांच्या ताटात काय पडलं असतं?

ती तिन्ही लेकरं नावाजली. चंद्रकांत गोखले अभिनेते झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. चंद्रकांतरावांना कुठल्या संस्थेनं अभिनय शिकवला नाही, घरात गुरु होती. कमलाबाई स्वतः पुढं मूकपट, बोलपट मिळून तीसेक सिनेमांत दिसल्या.

एक गोष्ट मला फार बोचते. दुर्गाबाई-कमलाबाईंनी १९१३ ला पाऊल टाकलं, पण मराठी नाटकानं मागून यायला वीस वर्षं घेतली. १९३३ ला 'आंधळ्यांची शाळा' आलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी बायांची कामं केली. त्याचंही तेव्हा केवढं कौतुक आणि केवढी चर्चा! मधल्या काळात हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची कंपनी काढून दाखवली होतीच. दार उघडायला पुरुषांनी उशीर केला, बाया केव्हाच उंबऱ्यात उभ्या होत्या.

रीना मोहन या दिग्दर्शिकेनं कमलाबाईंवर त्यांच्या म्हातारपणी माहितीपट केला. नावच 'कमलाबाई'. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नव्वदीकडं झुकलेली बाई, अंगात त्राण कमी, पण जुन्या नाटकातलं भाषण म्हणायला लागली की आवाज बदलतो, मान ताठ होते. सापडला तर जरूर बघा. पोरींना सोबत बसवून बघा.

आपल्या वऱ्हाडात, अकोला-अमरावतीला, मोठमोठ्या नाटक कंपन्या मुक्काम ठोकायच्या. वाशीम, कारंजा, रिसोडकडून बैलगाड्या जुंपून नाटकाला गेलेली माणसं कुणाच्या ना कुणाच्या घरात असतीलच. तुमच्या आजोबा-पणजोबांनी सांगितलेली अशी आठवण असेल तर खाली लिहा. आणि त्या बैलगाडीत घरच्या बाया बसायच्या का, तेही लिहा.