लठ्ठपणा, हॉर्मोने व शस्त्रक्रिया

शरीरात वसा (चरबी) प्रमाणाबाहेर साठून आरोग्यास धोका निर्माण होतो, त्या स्थितीस लठ्ठपणा म्हणतात. अन्नातून मिळणारी ऊर्जा खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक असली की वसा साठते, हे पूर्वीपासून ज्ञात होते. परंतु भूक केव्हा लागावी व तृप्ती केव्हा व्हावी हे कशावरून ठरते, याचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात उपलब्ध नव्हते. परिणामी लठ्ठपणाचा दोष रुग्णाच्या खादाडपणाला व आळसाला दिला जाई. हा समज बदलण्यास प्रयोगशाळेतील हॉर्मोनांचे (अंतःस्रावी कोशिकांतून रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक पदार्थांचे) संशोधन आणि शस्त्रक्रियेचे अनपेक्षित परिणाम असे दोन स्वतंत्र प्रवाह कारणीभूत झाले.

आतड्यातील हॉर्मोने : विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये लंडन येथे सिक्रेटिन या पदार्थाचा शोध लावला. लहान आतड्याच्या एका भागाचा तंत्रिकांशी (मज्जातंतूंशी) असलेला संबंध तोडल्यावरही तेथे अम्ल घातल्यास अग्निपिंडातून पाचक रस स्रवतो, असे त्यांना आढळले. म्हणजेच आतड्याचा संदेश रक्तावाटे पोहोचत होता. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांसाठी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा वापरली. रक्तातील इन्शुलिनाचे सूक्ष्म मापन शक्य झाल्यानंतर, शिरेवाटे दिलेल्या ग्लुकोजापेक्षा तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोजाने इन्शुलिनाचा स्राव अधिक होतो, असे १९६४ मध्ये दिसून आले. आतड्यातून निघणारे काही पदार्थ अग्निपिंडाला आगाऊ सूचना देतात, असा याचा अर्थ होता. त्यांपैकी ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-१ (जीएलपी-१) याची संरचना १९८३ मध्ये ग्लुकागॉनाच्या जनुकाच्या अभ्यासातून उघड झाली व त्याचा इन्शुलिनवर्धक गुणधर्म १९८७ मध्ये सिद्ध झाला.

लेप्टिन : अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये उंदरांचा एक अतिशय लठ्ठ आनुवंशिक प्रकार आढळला. पुढे त्याच संस्थेत डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून प्रयोग केले. हा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडल्यास त्याचे खाणे कमी होई. उलट मधुमेह असलेल्या दुसऱ्या एका लठ्ठ प्रकाराला जोडलेला निरोगी उंदीर अन्न वर्ज्य करून उपासमारीने मरे. यावरून पहिल्या प्रकारात तृप्तीचा संदेश देणारा पदार्थच नसतो, तर दुसऱ्यात तो विपुल असूनही त्यास प्रतिसाद मिळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाचे जनुक शोधून काढले. वसा साठविणाऱ्या कोशिकांतून स्रवणाऱ्या या हॉर्मोनाला ‘सडपातळ’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘लेप्टिन’ हे नाव देण्यात आले. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मुलांना ते दिल्यावर त्यांची अनावर भूक शमली. तथापि बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन मुळातच जास्त असते, असे आढळल्याने सरसकट उपचाराची आशा फोल ठरली.

शस्त्रक्रियेचा उगम : १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नशोषण घटविणारी शस्त्रक्रिया सुरू झाली. तिने वजन उतरे, पण तीव्र अतिसार, मूत्राश्मरी व यकृताचा ऱ्हास यांमुळे ती पुढे सोडून द्यावी लागली. जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन कमी होते, हे पाहून आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी लहान पिशवी तयार करून ती लहान आतड्याला जोडतात व अन्न उरलेले जठर आणि ग्रहणी (लहान आतड्याचा आरंभीचा भाग) यांना टाळून पुढे जाते. पिशवी लहान म्हणून खाणे कमी, असेच या परिणामाचे यांत्रिक स्पष्टीकरण तेव्हा दिले जाई.

यांत्रिक कल्पनेचा पाडाव : वॉल्टर पोरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ६०८ रुग्णांचा १४ वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात प्रौढ वयातील मधुमेह असलेल्या १४६ रुग्णांपैकी १२१ जणांच्या रक्तातील ग्लुकोज प्राकृत पातळीवर आले होते. ही सुधारणा काही दिवसांतच, म्हणजे वजनात लक्षणीय घट होण्यापूर्वी, दिसू लागे. तिचा उलगडा केवळ यांत्रिक कल्पनेने होणे कठीण होते.

जपानमध्ये १९९९ साली कोजिमा व कांगावा यांच्या गटाने जठरातून स्रवणारे व भूक वाढविणारे घ्रेलिन हे हॉर्मोन शोधले. आहारनियंत्रणाने वजन उतरविल्यास घ्रेलिनाचे प्रमाण वाढते, तर बायपासनंतर ते अत्यल्प राहते, असे डेव्हिड कमिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ मध्ये आढळले. नंतरच्या निरीक्षणांत मात्र एकवाक्यता राहिली नाही. अधिक सुसंगतपणे आढळणारा बदल म्हणजे, अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्याने जेवणानंतर जीएलपी-१ व पेप्टाइड वायवाय या तृप्तिकारक हॉर्मोनांत होणारी मोठी वाढ. तरीही जीएलपी-१ चे ग्राहीच नसलेल्या उंदरांचे वजनही अशा शस्त्रक्रियेनंतर उतरते. यास्तव परिणामाचे श्रेय एकाच हॉर्मोनाला देता येत नाही. पित्ताम्ले व आतड्यातील सूक्ष्मजंतू यांचाही त्यात वाटा असल्याचे मानतात.

मेलबर्न येथील २०११ च्या एका अभ्यासात, आहारनियंत्रणाने वजन उतरविलेल्या व्यक्तींमध्ये भूक वाढविणारे हॉर्मोनांतील बदल वर्षभरानंतरही टिकून असल्याचे दिसले. उतरलेले वजन पुन्हा वाढणे हा निव्वळ निर्धाराचा अभाव नव्हे, हे यावरून स्पष्ट झाले.

फलनिष्पत्ती व मर्यादा : स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण सु. एक-चतुर्थांशाने कमी आढळले (२००७). मात्र दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त असताना दहा वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. लोह, कॅल्शियम, ब१२ व ड जीवनसत्त्वे यांची न्यूनता टाळण्यासाठी अशा रुग्णांना आयुष्यभर देखरेखीची गरज असते.

आतड्यातील हॉर्मोनांच्या याच ज्ञानातून जीएलपी-१ सारखे कार्य करणारी औषधे निर्माण झाली. त्यांपैकी सेमाग्लुटाइडाने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सु. १५ टक्क्यांनी घटले. परंतु औषध थांबविल्यावर वर्षभरात घटीपैकी सु. दोन-तृतीयांश वजन परत आले. लठ्ठपणा हा उच्च रक्तदाबाप्रमाणे दीर्घकाळ उपचार करावा लागणारा विकार आहे, या मताला त्यामुळे पुष्टी मिळाली आहे.