रेव्हिटचं मॉडेल अडखळतंय? नवा कॉम्प्युटर घेण्याआधी फाइल तपासा

चार-पाच मजल्यांचं अपार्टमेंट असेपर्यंत रेव्हिट बरं चालतं. पण एखादं रुग्णालय, कॉलेज किंवा तळघरात पार्किंग असलेलं व्यापारी संकुल हातात आलं, त्यात प्लंबिंग, वायरिंग, एसीचे डक्ट यांची मॉडेल्स जोडली गेली, की फाइल 300-400 एमबीवर जाते आणि साधी भिंत सरकवली तरी स्क्रीन थिजते. मग सल्ला मिळतो, 'जास्त कोअरचा प्रोसेसर घ्या, मोठं ग्राफिक कार्ड टाका.' लहान ऑफिस किंवा नुकताच डिप्लोमा झालेला मुलगा कर्ज काढून मशीन घेतो. मॉडेल मात्र पूर्वीइतकंच रेंगाळतं.

याचं कारण रेव्हिटच्या कामाच्या पद्धतीत आहे. ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन रेषा. रेव्हिटमध्ये भिंतीला खिडकी बांधलेली, स्लॅब टेकलेला, खोलीचं क्षेत्रफळ आणि दरवाज्यांचा तक्ता तिच्यावर अवलंबून. भिंत हलली की हा सगळा हिशेब पुन्हा होतो. एक पायरी झाल्याशिवाय पुढची करता येत नसल्याने तो बहुतांशी एकाच कोअरवर चालतो. रेंडरिंग, प्रिंटिंग अशी काही कामं अनेक कोअर वापरतात. रोजचं मॉडेलिंग फारसं नाही. म्हणून 16 कोअरच्या मंद प्रोसेसरपेक्षा 6-8 कोअरचा, पण एका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर इथे सरस ठरतो.

हे घरबसल्या पाहता येतं. मॉडेल अडकलेलं असताना टास्क मॅनेजर उघडावा. 8 कोअर आणि 16 थ्रेडच्या मशीनवर प्रोसेसरचा वापर जेमतेम 6-7 टक्के दिसत असेल, तर कॉम्प्युटर रिकामा बसलाय असं नव्हे; एकाच थ्रेडवर सगळा भार आहे. त्याच वेळी मेमरीचा आकडा 90 टक्क्यांपुढे असेल तर मात्र रॅम कमी पडतेय. ढोबळ हिशेब असा, की उघडलेल्या फाइलच्या साधारण 20 पट रॅम लागते. 300 एमबीच्या फाइलला 6 जीबी. लिंक केलेल्या फाइल्सही यात मोजायच्या, वर विंडोज आणि ब्राउझर आहेतच. अशा कामाला 32 जीबी घेतली तर ती चैन नव्हे. डिस्क एसएसडीच हवी, यावर वाद नको.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक पाहावं. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो. उन्हाळ्यात पंख्यात धूळ साचली असेल तरीही तेच. हजार रुपयांच्या सफाईने जे सुटतं त्यासाठी नवं मशीन कशाला?

खरा भार फाइलमध्येच

सर्वेक्षणाची कॅड फाइल सरळ मॉडेलमध्ये आणणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. हल्ली जागेची मोजणी जीपीएस यंत्रावर होते आणि ड्रॉइंग बहुधा यूटीएम आकड्यांत मिळतं. बेळगाव 43 व्या यूटीएम पट्ट्यात येतं; शहराचा उत्तरेकडचा आकडा साडेसतरा लाख मीटरच्या आसपास, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर. ड्रॉइंग तसंच्या तसं मूळ बिंदूला जुळवून आणलं, तर रेव्हिटच्या दृष्टीने प्लॉट साडेसतराशे किलोमीटर दूर जातो. प्रोग्रॅम एवढ्या लांबच्या भूमितीसाठी बनवलेला नाही. रेषा थरथरतात, स्नॅप चुकतो, व्ह्यू फिरवणं जड होतं. ड्रॉइंगमध्ये प्लॉट योग्य जागी पण एखादा विसरलेला ब्लॉक शून्य बिंदूजवळ राहिलेला असतो, तेव्हाही हीच गत.

उपाय सोपा आहे. आधी ऑटोकॅडमध्ये अशी भटकी चिन्हं, कंटूरचे नको असलेले लेअर काढून टाकावेत. मग ती फाइल इम्पोर्ट न करता लिंक करावी, 'सेंटर टू सेंटर' जागेवर बसवावी आणि 'अक्वायर को-ऑर्डिनेट्स' वापरून खरे आकडे मॉडेलला द्यावेत. इमारत मूळ बिंदूजवळच राहते, नकाशातले आकडेही बरोबर येतात. इम्पोर्ट केलेली कॅड फाइल 'एक्स्प्लोड' करणं तर टाळाच. हजारो सुट्या रेषा आणि त्यांच्या नावाने रेषांचे प्रकार मॉडेलमध्ये कायमचे घुसतात.

त्यानंतर इशारे. 'मॅनेज' टॅबमध्ये 'वॉर्निंग्ज' उघडल्यावर शेकडो ओळी दिसतात आणि बहुतेक जण खिडकी बंद करतात. एकाच जागी दोनदा ठेवलेल्या वस्तू, एकमेकांवर चढलेल्या भिंती, नीट बंद न झालेल्या खोल्या यांचा हिशेब प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा करत असतो. रोज वीस-पंचवीस निस्तरले तरी फरक जाणवतो. नेटवरून उतरवलेला नक्षीदार सोफाही असाच महागात पडतो, कारण त्याची प्रत्येक घडी मॉडेल वाहून नेतं.

मोठी फाइल उघडताना सगळे वर्कसेट उघडायची गरज नसते. 'स्पेसिफाय' निवडून लागतील तेवढेच उघडले तर बाकीचे मेमरीत येत नाहीत. व्ह्यूमध्ये नुसतं लपवल्याने ही बचत होत नाही. थ्रीडीमध्ये सेक्शन बॉक्स लावावा, सावल्या बंद ठेवाव्यात, न लागणारे व्ह्यू मिटवावेत.

अनेक जण एकाच मॉडेलवर काम करत असतील तर प्रत्येकाने रोज सकाळी सेंट्रल फाइलवरून ताजी लोकल प्रत करून ती स्वतःच्या एसएसडीवर ठेवावी. पेनड्राइव्ह किंवा आपोआप सिंक होणारं क्लाउडचं फोल्डर यासाठी नको. सर्व्हरला जोडणी वायफायने नको, केबलने हवी.

महिन्यातून एकदा 'ऑडिट' टिक करून फाइल उघडावी, 'पर्ज अनयूज्ड' चालवावं आणि 'कॉम्पॅक्ट' करून सेव्ह करावी. त्याआधी सर्वांनी आपलं काम सिंक करून रेव्हिट बंद केलेलं असावं आणि सेंट्रल फाइलची एक प्रत बाजूला काढलेली असावी. पर्जची यादीही डोळे झाकून मान्य करू नये. पुढच्या मजल्यासाठी तयार करून ठेवलेला, अजून न वापरलेला दरवाजाही त्यात निघून जातो.