दारावरची थाप

१/४ ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ च्या कायद्याने आदिवासींवर सरकारी मंडळाची सत्ता आली. १९१५ च्या दुरुस्तीनंतर न्यायालयात न जाताच मंडळ मुलांना आईबापांपासून तोडू शके. घराच्या तपासणीला येणारा अधिकारी म्हणूनच भयाचे रूप ठरला.

२/४ १९६९ मध्ये मंडळ बरखास्त झाले; थापेची धास्ती मात्र उरली. शहरांत आदिवासींना भाड्याने घर मिळणेही दुष्कर होते.

३/४ १९७३ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये आदिवासींनी स्वतःची गृहनिर्माण संस्था स्थापली. व्हिटलम सरकारच्या अनुदानातून ‘द ब्लॉक’ वस्तीतील घरे घेतली. भाडेकरू आदिवासी, मालक संस्थाही आदिवासींचीच.

४/४ ताटातुटीची जखम पुढील पिढ्यांच्या मनांतही उतरते, हे १९९७ च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालाने नोंदवले. छपराइतकीच निर्भय उंबरठ्याची गरज असते, ती यामुळेच.