कुरवंड्याचा घाट व शिवभारतातील साक्ष

पनवेल हे खाडीवरील जुने बंदर. देशावरून येणारा माल घाट उतरून बैलांच्या पाठीवर येथे येई व गलबतांत चढे. १८३० साली सर जॉन माल्कम याच्या अमदानीत बोरघाट गाड्यांस खुला झाला. १८६३ साली त्याच घाटाने आगगाडी चढली. तेव्हापासून शेजारच्या वाटांची रहदारी आटत गेली. कुरवंड्याचा घाट त्यांपैकीच होय.

फेब्रुवारी १६६१ मध्ये शाएस्तेखानाने धाडलेला कारतलबखान याच घाटाने कोकणात उतरला, आणि उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी त्यास कोंडून शरण आणिले. हा प्रसंग परमानंदकृत शिवभारतात विस्ताराने वर्णिला आहे. ते काव्य स. म. दिवेकर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. त्यातील अरण्य व बिकट वाट हा केवळ कविसंकेत की प्रत्यक्ष स्थळाचे वर्णन, याचा निर्णय पोथ्यांच्या पाठभेदांवरून होणे नाही. तो स्थळ पाहूनच झाला पाहिजे.

पनवेलहून सायकलीने जुन्या रस्त्याने खोपोलीस यावे. द्रुतगती मार्गावर सायकलीस मज्जाव आहे. पुढे पालीच्या रस्त्याने चावणी गाठून सायकल तेथेच ठेवावी व कुरवंड्याकडे पायी चढावे. अरुंद जागी फौजेची रांग किती लांबली असेल, हे चालणारास तत्काळ उमगते. आमच्या मते येथे कवीची साक्ष विश्वसनीय आहे.

पोथीस वाळवी लागते, तशी वाटेस दरड व नवे बांधकाम. सबब संग्राहकांनी घाटांतील पायऱ्या, टाकी व चौक्यांच्या जागा यांची टिपणे वेळीच करून ठेवावीत, अशी आमची विनंती आहे.