कोरी भिंत

२४ ऑगस्ट २०२३ रोजी सौंसरजवळच्या जामसावळीत मध्य प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तिथल्या देवळाच्या ‘हनुमान लोक’ प्रकल्पाचे भूमिपूजन केले आणि त्याच ठिकाणी पांढुर्णा या नव्या जिल्ह्याची घोषणाही केली. पिंपळाखाली पहुडलेला जामसावळीचा मारुती साऱ्या पंचक्रोशीचा आधार आहे, नागपूरकडचीही माणसे त्याच्या दर्शनाला येतात. त्या श्रद्धेशी माझा वाद नाही. पण पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा जिल्हा मारुतीला मानणाऱ्याचा जितका, तितकाच न मानणाऱ्याचाही. जिल्ह्याच्या जन्माची बातमी देवळाच्या सोहळ्यातून यावी, हे मला खटकते.

खटकण्याचे कारण याच मुलखाच्या इतिहासात आहे. ज्यातून पांढुर्णा वेगळा झाला तो छिंदवाडा जिल्हा १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि कारभार नागपुरातून चाले. काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, शिक्षणमंत्री रविशंकर शुक्लांनी खेड्यापाड्यांसाठी शाळांची योजना आखली. गावातल्या दात्याने जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि मास्तरचा पगार भागवायचा. गरीब सरकारला परवडेल अशी ही कल्पना होती आणि मनापासून सांगायचे तर सुंदर होती. पण शाळेचे नाव ठरले ‘विद्यामंदिर’. मुसलमानांनी हरकत घेतली की सरकारी शाळेच्या दारावर ‘मंदिर’ का? वाद चिघळला. काँग्रेसच्या राजवटीविरुद्धच्या तक्रारींची यादी करणाऱ्या मुस्लीम लीगच्या १९३८च्या पीरपूर अहवालातही ही योजना आली.

लीगला राजकारण करायचे होते, हे खरे. मंदिर म्हणजे नुसते घर, हा युक्तिवादही खोटा नाही. आपण बालमंदिर म्हणतो, नाट्यमंदिर म्हणतो, तेव्हा कुणाला घंटा ऐकू येत नाही. मात्र शब्द असा झिजून गुळगुळीत होतो तो रोज वापरणाऱ्याच्या तोंडी. ज्याला देवळात जायचेच नसते, त्याला तो पहिल्या दिवसाइतकाच टोचतो. दारावरच्या नावाचा अर्थ नाव देणाऱ्याने एकट्याने ठरवायचा नसतो. कुठलीही खूण निरुपद्रवी आहे की नाही, हे त्या खुणेबाहेरच्या माणसाला विचारावे लागते.

यावर कुणी म्हणेल, मग सरकारने पांढुर्ण्याची गोटमारही वाऱ्यावर सोडावी काय? मुळीच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवला जातो, त्यावर झेंडा फडकतो आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. पळस लोकांचा, गोटमारीची देवी चंडीमाताही लोकांची. प्रशासन काठावर पोलीस आणि दवाखाना घेऊन उभे राहते. त्याने एकदा गोट्यांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले, लोकांनी ते मानले नाहीत. डोकी फुटू नयेत म्हणून धडपडणारे सरकार कुणाचा पक्ष घेत नाही. ‘हनुमान लोक’ पर्यटन आहे, रोजगार देईल, हा बचावही मी हलका मानत नाही. रस्ता, पाणी, धर्मशाळा यांवर सरकारने जरूर खर्च करावा, यात्रेकरूही नागरिकच आहे. पण घटनेच्या २७व्या कलमाने एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती नाकारली आहे. सोय आणि गौरव यांतली रेघ तिथे आखलेली आहे.

जिल्ह्याच्या कचेऱ्यांत तर ती रेघ आणखी ठळक हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांच्या आवारात मंदिरे बांधण्याला स्थगिती दिली, आणि पांढुर्णा त्याच न्यायालयाच्या कक्षेत येतो. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराच्या मागची भिंत कोरी असली, तर समोर बसलेल्याला आपले नाव सांगताना आवाज खाली आणावा लागत नाही.